मापाची मूठ

९ जानेवारी

शांत सरांनी सांगितलंय, सरावाची वही ठेव. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण वर्षानुवर्षं नेमबाजीच्या रेंजवर ते एकच शब्द बोलतात, 'शांत', म्हणून ते शांत सर. गोळी कुठे लागली, ट्रिगर कसा ओढला गेला, तेव्हा मनात काय होतं, सगळं लिहायचं. मनातलं लिहायचं म्हणजे वही त्यांना दाखवता येणार नाही. बघू.

आज सावकाश फेरी बरी गेली. पाच मिनिटांत पाच गोळ्या, त्यात मी सहसा हरत नाही. घाईच्या फेरीत मात्र निशाण तीन सेकंद तोंड दाखवतं आणि पाठ फिरवतं. तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची. माझ्या सगळ्या डावीकडे खाली, जणू तिथे कुणी त्यांच्यासाठी खाऊ ठेवलाय.

सर म्हणाले, "शांत." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "मूठ तुझी नाहीये."

ते मलाही ठाऊक आहे. पिस्तूल माझ्या नवऱ्याचं. आम्ही दोघं एकत्रच नेमबाजी शिकलो. त्याने स्वतःचं पिस्तूल घेतलं होतं, मी क्लबचं वापरायचे. तो जाऊन तीन वर्षं झाली. एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही. त्यानंतर मी त्याचं पिस्तूल हातात घेतलं. त्याचा तळवा रुंद, अंगठा आखूड. माझा हात अरुंद आणि लांबट. त्यामुळे लाकडी मुठीत जिथे जिथे पोकळी राहते तिथे मी पुट्टी भरते, वाळली की पॉलिश पेपरने घासते. आता त्या मुठीत लाकूड कमी आणि पुट्टी जास्त आहे.

एप्रिलमध्ये निवड चाचणी. पहिल्या चौघींना दुसऱ्या शहरात आठ महिन्यांच्या शिबिराला नेतात. गेल्या वर्षी मी नववी होते.

१४ जानेवारी

लॅबमध्ये एक आजीबाई आल्या. मी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे, पेशंट सहसा तिथवर येत नाहीत, पण या थेट आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली. बहिणीची होती. बहीण मागच्या महिन्यात गेली.

"चांगली आहे हो अजून. जरा घासून मला बसवून द्या."

मी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. म्हटलं, आठवण म्हणून खुशाल जपून ठेवा, पण तोंडात घालू नका. दुसऱ्याच्या मापाची वस्तू कितीही घासली तरी टोचायची ती टोचणारच, आणि ती सोसता सोसता आपला जबडा वाकडा होतो. आजीबाईंना पटलं. नवीन माप देऊन गेल्या. माणसं कशाकशाला धरून बसतात.

संध्याकाळी मुठीवरची सगळी पुट्टी खरवडून काढली. उद्या नव्याने भरणार. या वेळी अंगठ्याखाली जरा जाड थर द्यायचा. मला वाटतं या वेळी नक्की जमेल.

१५ जानेवारी

जमलं नाही, म्हणजे लावायचीच राहिली.

टेबलावर कागद अंथरून, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, पुट्टीचा डबा उघडून बसले होते. आई चहा घेऊन आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही दोघीच असतो घरात. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला, आता निवृत्त आहेत, म्हणजे दिवसभर मला सूचना देतात.

"बघू," म्हणून त्यांनी पिस्तूल उचललं.

मूठ त्यांच्या हातात बसली. कुठे फट नाही, कुठे दाब नाही. कवळी बरोबर बसली की आतली हवा निघून जाते आणि बारीकसा 'टप' आवाज येतो. मला तो आवाज आल्यासारखा वाटला. रुंद तळवा, आखूड अंगठा. इतकी वर्षं या बाईच्या हातचं जेवतेय, आणि त्याचा हात आईंवर गेला होता हे मला आज दिसलं.

त्यांनी हात लांब केला, भिंतीकडे रोखला. हात थरथरला.

"जड आहे गं."

"किलोभर आहे. सगळीच असतात."

"ते नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. मग पिस्तूल खाली ठेवून चहात साखर ढवळली, जी आधीच ढवळलेली होती. "मलाही शिकव हे."

"तुम्हाला? कशाला?"

"कशाला म्हणजे? तू कशाला जातेस?"

मी पुट्टीच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. या वयात काय हे खूळ. दोन दिवसांत विसरतील.

२१ जानेवारी

विसरल्या नाहीत. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई पाण्याची भरलेली बाटली हातात धरून हात लांब करून उभ्या, नजर दुधाच्या पातेल्यावर. दूध उतू गेलं. त्यांनी बाटली खाली केली नाही.

२५ जानेवारी

आईंचा रेंजवर पहिला दिवस. लाज वाटेल म्हणून मी शेवटची लेन मागून घेतली होती. आईंना लाज वाटली नाही, मला वाटली.

त्यांची खोड अशी की ट्रिगर ओढत नाहीत, कळ दाबल्यासारखं बोट आपटतात. जुन्या टाइपरायटरवर अक्षर उमटवायचं तसं. पिस्तुलाचं नाक दर वेळी खाली जातं आणि गोळी जमिनीची विचारपूस करून येते. शांत सर म्हणाले, "शांत." आई म्हणाल्या, "मी शांतच आहे, तुम्ही जरा स्पष्ट सांगा काय करायचं ते." सर चक्क पाच-सहा वाक्यं सलग बोलले. बोट दाबायचं नाही, हळूहळू मागे आणायचं. गोळी कधी सुटली ते आपल्याला कळता कामा नये, इतकं हळू. शेजारच्या लेनवाला नेम सोडून ऐकत उभा राहिला. त्याने सरांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असणार.

येताना आई खूश. रिक्षात म्हणाल्या, "तो मिस्त्री कोण?"

मिस्त्री म्हणजे क्लबची पिस्तुलं दुरुस्त करणारा. रेंजच्या मागे त्याचं वर्कशॉप आहे. माझ्याच वयाचा असेल, एकटाच राहतो, फार बोलत नाही. मी म्हटलं, का?

"सगळ्या बायकांना ताई म्हणतो. मला मावशी म्हणाला. तुला काय म्हणतो?"

मी आठवून पाहिलं. मला काहीच म्हणत नाही. 'हे बघा' म्हणून सुरुवात करतो. आईंना म्हटलं, त्याला माझं नाव माहीत नसेल. आई रिक्षाबाहेर बघत राहिल्या.

४ फेब्रुवारी

आज आई जे बोलल्या ते लिहिताना अजून राग येतोय.

जेवताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "ते पिस्तूल मी वापरेन आता. तू तुझ्यासाठी नवीन बघ."

मला वाटलं, गंमत करतायत. पण नाही. कागदोपत्री ते त्यांचंच आहे. तो गेल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला, मी क्लबच्या परवानगीवर वापरते. हे आम्ही दोघी विसरून गेलो होतो, निदान मी तरी.

"आई, एप्रिलमध्ये माझी चाचणी आहे."

"म्हणूनच म्हणते. अजून वेळ आहे तोवर बघ."

"मला त्याची सवय आहे."

"ते मला बरोबर बसतं," त्या म्हणाल्या, "तुला बसत नाही. मी पाहिलंय ना."

हातच्या कांकणाला आरसा कशाला. पण मनातून वाईट वाटलं. त्याच्या वस्तूंपैकी मी एवढी एकच मागितली होती. शर्ट दिले, पुस्तकं दिली, घड्याळ आईंकडेच आहे. आता हेही.

त्यांना मी जाते ते आवडत नसावं. म्हणून हे.

९ फेब्रुवारी

मिस्त्रींकडे गेले. आई बरोबर आल्या, नको म्हटलं तरी.

त्यांच्याकडे दोन पिस्तुलं होती. एक काळं, नाकाकडे जड, लाकडी मुठीचं. दुसरं करड्या रंगाचं, हलकं, नळी हाताच्या अगदी जवळ बसवलेली. मी काळं उचललं. नवऱ्याच्या पिस्तुलासारखं दिसत होतं. सावकाश नेम धरायला छान, दगडासारखं स्थिर.

"हे घेते."

मिस्त्री म्हणाले, "हे बघा. डोळे मिटा. हात खाली ठेवा. आता वर आणा, नेहमी आणता तसा. आता उघडा."

उघडले. पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत असायला हवी, ती खाचेच्या वर उजवीकडे डोकावत होती, शेजारीण कुंपणावरून डोकावते तशी.

"दुसरं बघा."

करडं घेतलं. डोळे मिटून वर आणलं, उघडले. साईट खाचेत. बरोबर मधोमध. मी काहीच केलं नव्हतं.

"घाईच्या फेरीत तीन सेकंद असतात," मिस्त्री म्हणाले. "त्यातला एक साईट शोधण्यात गेला तर बाकी काय राहिलं?"

त्यांचं पटत होतं, आणि तरी मी काळंच घेऊन आले. वापरून बघायला आठवडाभर. मिस्त्रींनी अडवलं नाही. म्हणाले, करडं मी बाजूला ठेवतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. आई त्यांना म्हणाल्या, "एकदा चहाला या ना घरी." पिस्तूल दुरुस्तीला घरबसल्या माणूस मिळवायचा, इतकंच. आई फार धोरणी आहेत.

१६ फेब्रुवारी

काळं परत केलं. सावकाश फेरीत माझ्या आयुष्यातले निशाणाचे उत्तम कागद, आणि घाईच्या फेरीत निशाणाने पाठ फिरवली तरी माझा हात रस्त्यातच. करडं घेऊन आले. मिस्त्रींनी ते खरोखरच बाजूला ठेवलं होतं, कापडात गुंडाळून.

त्याची मूठ तयार येते ती कुणालाच नीट बसत नाही. म्हणाले, लाकडाचा ठोकळा आहे माझ्याकडे, हाताचं माप दिलंत तर कोरून देतो. कागदावर पंजा ठेवा, पेन्सिलने काढू.

मी म्हटलं, पेन्सिलने कशाला, मला माप घेता येतं की.

१७ फेब्रुवारी

दुपारी काम संपल्यावर लॅबमध्ये मापाचं मिश्रण कालवलं. पेशंटच्या तोंडासाठी कालवते तेच, फक्त दसपट. पिस्तूल धरल्यासारखी मूठ करून हात त्यात रुतवला आणि घट्ट व्हायची वाट बघत बसले. गार लागतं ते आधी, मग हळूहळू आपल्या अंगाइतकं कोमट होतं. किती लोकांना मी सांगत आले, हलू नका, नाकाने श्वास घ्या, झालंच. स्वतः पहिल्यांदाच बसले.

हात बाहेर काढून त्या साच्यात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर निघाला तो माझा हात. अंगठ्याच्या मुळाशी सुरकुत्या, करंगळी जराशी वाकडी. मला माहीत नव्हतं माझी करंगळी वाकडी आहे. बराच वेळ बघत बसले. कुणाच्या तरी ओळखीच्या बाईचा हात वाटत होता.

मिस्त्रींना दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

१ मार्च

मूठ तयार. पुट्टी नको, पॉलिश पेपर नको. हातात घेतलं, हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. मी म्हटलं, छान झालीये. हे काही पुरेसं नव्हतं, पण मिस्त्री तेवढ्यावरच खूश झाले.

प्लास्टरचा हात त्यांनी फळीवर ठेवलाय. फळीवर सगळीकडे लोखंडाचा कीस आणि तेलाचे डाग, माझा हात तेवढा स्वच्छ पांढरा. प्लास्टरला कीस चिकटत नसावा. परत मागितला तर म्हणाले, मूठ झिजली तर पुन्हा लागेल. मूठ झिजायला दहा वर्षं लागतात. असो, काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे.

१२ मार्च

ट्रिगर जुळवण्यात आठवडा गेला. आमच्या प्रकारात नियम असा की पिस्तूल वर धरून ट्रिगरला एक किलोचं वजन टांगलं तर ते उचललं गेलं पाहिजे. त्याहून हलका ट्रिगर चालत नाही. ओढताना दोन टप्पे असतात. पहिला सैल, बोट टेकतं आणि मागे येतं. मग एक भिंत लागते, तिथे थांबायचं. भिंतीपलीकडे जरासा दाब, की गोळी सुटते. पहिल्या टप्प्यात किती वजन आणि भिंतीत किती, हे ज्याच्या त्याच्या बोटावर. माझी भिंत फार कडक होती. मिस्त्रींनी स्क्रू एक केसभर फिरवायचा, मी रिकाम्या पिस्तुलाने ओढून बघायचं, मान हलवायची, पुन्हा फिरवायचा. दुपारभर आम्ही दोघं मिळून दहा शब्द बोललो असू. कंटाळा आला नाही.

शेवटी म्हणाले, "हे बघा, आता भिंत आहे असं वाटतं का?"

"आहे. पण दार असल्यासारखी."

ते हसले. त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

आईंचं बोट आपटणं कमी झालंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार न चुकता जातात. तिथे त्यांची मित्रमंडळीही झालीये. दोघी निवृत्त नर्स आणि एक बँकवाला, जो फारच वाईट नेम मारतो आणि म्हणून आईंना फार आवडतो. शनिवारी मी एकटीच जेवले, कारण मंडळी चहा प्यायला थांबली होती. मला न सांगता.

४ एप्रिल

चाचणी तीन दिवसांवर आणि आज माझा पार विचका झाला. घाईच्या फेरीत तीन गोळ्या काळ्या गोलाबाहेर, पांढऱ्यावर. करडं पिस्तूल हातात परकं वाटलं, मूठ माझी असून. घरी आले आणि आईंना म्हटलं, "मला जुनं द्या. एवढ्या चाचणीपुरतं. पुट्टी लावून घेते."

"नाही."

"आई, फक्त तीन दिवस."

"नाही म्हटलं ना. परवाना माझ्या नावावर आहे, मी देणार नाही."

अशा आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. क्लासमधल्या मुली या आवाजाला घाबरायच्या असं तो सांगायचा. मी म्हटलं, "तुम्हाला मी जिंकायलाच नकोय." त्यांनी कपाट बंद केलं, किल्ली पदराला बांधली आणि भाजी निवडायला बसल्या. निवडलेली पानं कचऱ्यात आणि देठं पातेल्यात टाकत होत्या. रागाने असणार.

५ एप्रिल

अबोला. आईंनी डबा दिला, मी घेतला. डब्यात माझ्या आवडीचं सगळं होतं. खाल्लं, पण बोलले नाही.

७ एप्रिल

चाचणी झाली, शेजारच्या शहरात होती. क्रमाने लिहिते.

सकाळी पिस्तुलांची तपासणी. पंचांनी माझ्या ट्रिगरला वजन टांगलं, पिस्तूल वर उचललं, आणि 'टक'. वजन उचललं गेलं नाही. पुन्हा, पुन्हा 'टक'. नापास. परवा घाबरून मीच स्क्रूशी खेळले होते, हलका करायला म्हणून. हात दाखवून अवलक्षण.

पंच म्हणाले, वेळ आहे, जुळवून परत या. स्क्रूड्रायव्हर घेतला, पण किती फिरवायचा ते आठवेना. काचेच्या भिंतीपलीकडे प्रेक्षक होते. तिथे आई, अबोला असूनही आलेल्या. शेजारी मिस्त्री. त्यांचं त्या शहरात काहीतरी काम होतं म्हणे, म्हणून आले होते. त्यांना आत यायला परवानगी नाही. त्यांनी काचेजवळ येऊन अंगठा आणि बोट जुळवलं आणि हवेत पाव फेरा फिरवला. उजवीकडे. मग थांबून अजून केसभर.

मी तसं केलं. वजन उचललं गेलं.

सावकाश फेरी ठीक, माझ्या मानाने साधारण. सहावी. घाईच्या फेरीच्या आधी शांत सर आले. मला वाटलं आता म्हणतील, शांत. ते काही न बोलता परत गेले. तेच बरं झालं.

निशाण वळलं, हात वर गेला. साईट होती. शोधावी लागली नाही, ती तिथेच होती. बोट भिंतीला टेकलं आणि गोळी सुटली ते मला कळलंच नाही. पुढची, त्याच्या पुढची. एकदाच गडबडले, दहाऐवजी सात लागले. बाकी सगळं मला नीट आठवतही नाही. फक्त एवढं आठवतंय की मूठ हातात आहे हे मी विसरले होते.

चौथी आले. पाचवीपेक्षा एका गुणाने पुढे.

बाहेर आले तर आई डोळे मिटून बसलेल्या. मिस्त्री सांगतायत, "झालं मावशी, उघडा आता." अख्ख्या घाईच्या फेरीत त्यांनी डोळे उघडले नव्हते म्हणे. ते त्यांना एकेक गोळी सांगत होते. आईंनी मला पाहिलं आणि आधी विचारलं, "जेवलीस का?"

अबोला तिथेच संपला.

१० एप्रिल

मी शिबिराला जाणार नाही असं ठरवलं. सकाळी आईंना सांगितलं. चौथी आले, मान राहिला, तेवढं पुरे. आठ महिने तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ.

आईंनी चष्मा काढला. "एकटी? मंगळवार, गुरुवार, शनिवार मी रेंजवर. रविवारी नर्सबाईंकडे. बुधवारी त्या बँकवाल्याला शिकवायचं कबूल केलंय, त्याला माझ्यापेक्षा वाईट येतं. तू घरात असलीस तर मला तुझ्यासाठी थांबावं लागतं. जा बाई एकदाची."

जानेवारीपासूनचं सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बाटली, दूध, रिक्षा, कपाटाची किल्ली.

"आई, त्या दिवशी पिस्तूल का दिलं नाहीत?"

त्यांनी चष्मा पदराने पुसला. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या हाताने किती दिवस नेम धरणार होतीस तू? त्याला तरी आवडलं असतं का?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"आणि खरं सांगू," त्या म्हणाल्या, "सगळं तुझ्यासाठीच केलं असंही नाही. ती मूठ हातात घेतली ना, की लहानपणी रस्ता ओलांडताना त्याचा हात धरायचे तसं वाटतं. मला ते हवं होतं. तुझ्याकडे मागायचं कसं ते कळेना, म्हणून दांडगाई केली."

आम्ही दोघी रडलो. मी जास्त, त्या कमी. मग त्या म्हणाल्या, पुट्टीचा डबा वाळून गेलाय, टाकून दे.

२ मे

उद्या निघायचं. आज मिस्त्री घरी आले, चहाला, आईंनी बोलावलं म्हणून. मला स्प्रिंग दिली, बदलीची. माझ्याकडे दोन आहेत आधीच. म्हणाले, असू द्या. मग म्हणाले, तिथे काही अडलं तर फोन करा, पिस्तुलाचं. मग म्हणाले, पिस्तुलाचं नसलं तरी. आणि कान लाल करून कपात बघत बसले. माझ्या स्प्रिंगची यांना एवढी काळजी का, कोण जाणे. तिकडेही मिस्त्री असतीलच की.

ते गेल्यावर आई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावून आत गेल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. देवाने तुला डोळे फक्त निशाण बघायला दिलेत."

३ मे

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

आज आईंचीही स्पर्धा होती. क्लबची, नवशिक्यांची. त्यांची फेरी आणि माझी बस जवळजवळ एकाच वेळी. म्हणाल्या, मी स्टँडवर येणार नाही, माझी फेरी आहे. मी म्हटलं, हरकत नाही. हरकत होती.

मिस्त्री माझी बॅग घेऊन स्टँडवर गेले आणि मी आधी रेंजवर. काचेमागे उभी राहिले. आई सातव्या लेनमध्ये, साडीवर जाड जाकीट, कानांवर मोठी पिवळी कानझाकणी. हात वर गेला. आता तो थरथरत नाही. बोट हळूहळू मागे आलं. गोळी सुटल्यावर त्या जरा दचकल्या, म्हणजे सुटली ते त्यांना कळलं नव्हतं. बरोबर. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा असेल. बसला उशीर होईल म्हणून मी निघाले.

दुपारी बस एका धाब्यावर थांबली तेव्हा फोन केला. मागे गोंगाट.

"किती आले, आई?"

"शेवटून दुसरी. बँकवाला शेवटचा. माझ्या दोन गोळ्या शेजारणीच्या कागदावर गेल्या, ती तिसरी आली. मला पेढा म्हणून बिस्कीट दिलं तिने." हसून हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "पोचलीस का?"

"अजून नाही. आई, घर फार रिकामं वाटतंय का?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी अजून रेंजवरच आहे."